भाऊजी, बाटली खाली ठेवा

भाऊजी,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार घालायचा रिवाज आहे. तो आज मी पाळत नाही. तुमचं नावही लिहीत नाही, कारण तुमच्यासारखे भाऊजी प्रत्येक कंपूत एक तरी असतातच. बाटली त्यांच्याच हातात असते आणि दुसऱ्याचा ग्लास अर्धा झालेला त्यांना बघवत नाही. पत्र खुलं लिहिलं, कारण तुम्ही माझ्या नवऱ्याचं हसं केलंत तेही चारचौघांतच.

गेल्या शनिवारी पन्हाळा रस्त्याला तुमच्या फार्महाऊसवर सगळे जमलो होतो. पुरुष अंगणात बसलेले, आम्ही बायका आत भाकऱ्या थापत होतो आणि खिडकीतून सगळं दिसत होतं. ह्यांनी खिशातून स्टीलचं माप काढलं. डमरूसारखं, एका बाजूनं तीस मिली, दुसऱ्या बाजूनं साठ. ते लक्ष्मीपुरीतून त्यांनी स्वतः आणलंय, मी आणायला लावलेलं नाही. तुम्ही ते त्यांच्या हातातून काढून घेतलंत, वर धरलंत आणि म्हणालात, “बघा रे, डॉक्टरांनी ह्याला खोकल्याच्या औषधाचं माप दिलंय.” मग बर्फाच्या बादलीत टाकून दिलंत. सगळे हसले. हेही हसले. पंचवीस वर्षांच्या मैत्रीत माणूस दुसरं काय करणार? त्यानंतर बाटली तुमच्या हातात होती, आणि तुमचा हात केवढा सैल आहे ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तुमचा “छोटा” म्हणजे बारमधला दीड लार्ज.

पुढं काय केलंत तेही सांगते, कारण तुम्हाला ते आठवत नसणार. ह्यांचा ग्लास एकदाही तुम्ही रिकामा होऊ दिला नाहीत. दोन घोट घेतले की वरून ओतायचं, पुन्हा दोन घोट, पुन्हा ओतायचं. ज्याला मोजून प्यायची आहे त्याचा हिशेब मोडायला ह्याच्याइतकी सोपी युक्ती नाही. ग्लास रिकामा झालाच नाही, तर कितवा चालू आहे हे त्या माणसानं कसं सांगायचं? “बास की रे” असं त्यांनी म्हटलेलं मी स्वतः ऐकलं. तुम्ही म्हणालात, “बायकोला घाबरतोस काय लेका!” एवढं म्हटलं की कोल्हापूरचा गडी ग्लास पुढं करतो, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. मित्राचा स्वाभिमान डिवचून त्याच्या घशात दारू उतरवायची, आणि ह्याला तुम्ही दिलदारपणा म्हणता.

आता तुम्ही नेमकं काय मोडलंत ते ऐका.

पाडव्याच्या आधी ह्यांची सोनोग्राफी झाली. यकृतावर चरबी निघाली, फॅटी लिव्हर. उपाशीपोटीची साखरही हद्दीवर आली होती. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली नाही, वजन उतरवायला सांगितलं. वजनाचे पाच टक्के उतरले तरी यकृतातली चरबी कमी व्हायला लागते, सात ते दहा टक्के उतरले तर यकृताची सूजही ओसरू शकते. ब्याण्णव किलोच्या माणसाला हे म्हणजे सात-आठ किलो. जमण्यासारखं आहे. दारूबद्दल ते स्पष्ट म्हणाले, की बंद केलीत तर सगळ्यात उत्तम. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये हेच सांगितलं, की आरोग्याला बिनधोक असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. मलाही बंदच हवी होती, हे लपवत नाही. पण ह्यांनी मान खाली घालून खरं ते सांगितलं, की शनिवारची बैठक सुटेल असं वाटत नाही, पण मापात ठेवीन. त्या खरेपणाची मला किंमत आहे. खोटी शपथ घेऊन चोरून पिणारे मी माहेरी पाहिलेत.

मग त्यांनी स्वतःचे नियम स्वतः लिहिले. आठवड्यातून एकच दिवस. सगळी मिळून साठ मिली. आधी जेवण, मग ग्लास. कोल्ड्रिंक नाही, पाणी किंवा साधा सोडा. ग्लासाच्या बरोबरीनं तांब्याभर पाणी. चखण्याला काकडी, उकडलेली अंडी, भाजलेले चणे. रोज सकाळी रंकाळ्यावर चालणं, भात एक वाटी, चहा बिनसाखरेचा. वजन उतरायला लागलं होतं, भाऊजी. पट्ट्याला आत नवं भोक पाडावं लागलं होतं. रात्री घोरणंही कमी झालं होतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हा तुमच्या त्या रात्रीचा हिशेब मांडून दाखवते. एक ग्रॅम साखरेत किंवा पिठात चार कॅलरी असतात, तुपातेलात नऊ, आणि अल्कोहोलमध्ये सात. म्हणजे दारू भाकरीपेक्षा तुपाला जवळची. आपल्याकडची व्हिस्की साधारण ४२.८ टक्क्यांची असते. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साठ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास कॅलरी. ज्वारीच्या दोन मोठ्या भाकऱ्या झाल्या. फरक इतकाच, की दोन भाकऱ्या खाल्ल्या की पोट भरतं, आणि क्वार्टर प्यायल्यावर माणूस “जेवायला काय आहे” असं विचारत आत येतो. कोल्ड्रिंक घातलं तर दर दोनशे मिलीमागं आणखी ऐंशी-पंच्याऐंशी कॅलरी. स्ट्राँग बिअरची मोठी बाटली घ्या, ६५० मिलीची, आठ टक्क्यांची. त्यातल्या नुसत्या अल्कोहोलच्याच पावणेतीनशेच्या वर होतात, धान्याचा अंश वेगळाच.

त्या रात्री ह्यांच्या पोटात निदान एक क्वार्टर गेली. तुम्ही पुढं सरकवलेल्या बशीतले खारे शेंगदाणे, दोन मुठी धरा, साडेतीनशेच्या घरात. तळलेली शेव पन्नास ग्रॅम, पावणेतीनशे. ताटावर बसण्याआधीच हजाराच्या वर गेले. मग मध्यरात्र उलटल्यावर सुकं मटण, तांबडा, पांढरा आणि ताटभर भात. हे आठवडाभर रोज जवळजवळ पाचशे कॅलरी कमी खातात, सहा दिवसांत तीन हजार. त्यातले निम्म्याहून जास्त तुम्ही एका रात्रीत वळते करून घेतलेत. रविवारी रंकाळा चुकला, सकाळी उठून मिसळीला गेलात ते निराळं.

आणि कॅलरी हा अर्धाच भाग आहे. शरीराला दारू साठवून ठेवता येत नाही. ती आत आली, की यकृत बाकीची कामं बाजूला ठेवून आधी तिच्याच मागं लागतं. तोवर चरबी जाळणं मंदावतं आणि मटणाचं तेल, शेंगदाण्याचं तेल निवांत साठ्यात जाऊन बसतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी ह्याचं मोजमाप केलं आणि ते १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं. आठ निरोगी पुरुषांना बंद खोलीत ठेवून त्यांच्या श्वासावरून शरीर काय जाळतंय ते तपासलं. दिवसाच्या गरजेच्या चौथा हिस्सा कॅलरी दारूतून दिल्यावर चरबी जळण्याचं प्रमाण जवळजवळ एक तृतीयांशानं घसरलं. दारूच्या बदल्यात तेवढंच जेवण कमी केलं तरीही घसरलं. त्यांना दिलेली दारू आपल्या व्हिस्कीच्या मापात दीड क्वार्टरच्या आसपास भरते. तुमच्या अंगणात ती रात्री साडेदहापर्यंत संपते.

“दुपारी जेवू नकोस, म्हणजे रात्री हिशेब बरोबर” हा सल्ला तुम्ही ह्यांना फोनवर दिलात. त्या लोझानच्या प्रयोगापुढं तुमचा हिशेब टिकत नाही. शिवाय रिकाम्या पोटी दारू झपाट्यानं रक्तात उतरते, दुसऱ्याच ग्लासाला “बास” म्हणायची शुद्ध राहत नाही, आणि दिवसभराची भूक चखण्यावर तुटून पडते. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमध्ये २०१७ साली उंदरांवर काम झालं. उपासमारीत मेंदूतल्या ज्या पेशी “खा, खा” म्हणून ओरडतात, त्याच पेशी दारूनं जाग्या होतात आणि पोट भरलेला उंदीरसुद्धा जास्त खातो, असं त्यात दिसलं. तिथं आग्रह करायला कोणी भाऊजी नव्हते, तरी ही गत.

तुमची बाकीची वैद्यकीही मला तोंडपाठ झालीय. “व्हिस्कीत साखर नसते.” नसते, पण चरबी जळणं मंदावायला साखर लागत नाही, अल्कोहोल पुरतं. “बिअर म्हणजे जवाचं पाणी.” जवाचं पाणी मी आजारी माणसाला देते, बिअर देत नाही. “वाईन हृदयाला चांगली.” ज्या माणसाच्या यकृतावर चरबी आहे त्याला हे सांगताना जीभ अडखळत कशी नाही? “चालून घाम गाळ, जिरेल सगळं.” एका क्वार्टरच्या कॅलरी जाळायला ह्यांच्या वजनाच्या माणसाला तासाहून जास्त वेळ भरभर चालावं लागतं. त्यात शेंगदाणे धरलेले नाहीत. दारूची झोपही खरी नसते. पहिले दोन-तीन तास गाढ, मग पहाटेपर्यंत कूस बदलणं, पाण्यासाठी उठणं. अशा झोपेतून उठलेला माणूस रंकाळ्याला कसा जाणार? आणि दुसऱ्या दिवशी त्याला गोडाधोडाची, तळलेल्याची जी हाव सुटते ती मी घरात बघते.

सगळ्यात राग येतो तो तुमच्या एका वाक्याचा. “तू कुठं जाड आहेस रे? हातपाय बघ तुझे, काड्या आहेत. पोट म्हणजे सुखी संसाराची खूण.” नीट वाचा भाऊजी, हे आपल्या पुण्यातलंच काम आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन ह्या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच शेजारी शेजारी फोटो छापला. दोघांचं उंचीच्या मानानं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. युडकिन ह्यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. आपल्या लोकांचे हातपाय बारीक असतात आणि चरबी पोटात, आतल्या अवयवांभोवती जाऊन बसते. म्हणून तर भारतीय पुरुषाला कमरेची मर्यादा नव्वद सेंटिमीटर धरतात. ह्यांची कंबर एकशे चार होती. ह्यांच्या वडिलांचे हातपायही बारीकच होते. ते साखरेनं गेले, पाय कापून. तुम्ही खांदा द्यायला पुढं होतात, तेव्हा हे तुम्हाला समजावून सांगायची वेळ यायला नको होती.

बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यावर किती कॅलरी ते छापलेलं असतं. दारूच्या बाटलीवर आरोग्याला घातक असल्याचा इशारा सक्तीचा आहे, कॅलरीचा आकडा सक्तीचा नाही. पिणाऱ्याला आकडा बाटलीवर मिळत नाही, तो मापानंच काढावा लागतो. आणि ते माप तुम्ही बर्फात फेकलंत. तुम्ही थट्टा एका भांड्याची केलीत असं तुम्हाला वाटत असेल. सहा दिवस ताटावर बसून मनाला आवर घालणाऱ्या माणसाची तुम्ही थट्टा केलीत. संध्याकाळी शेजारच्या घरातून भज्यांचा वास आला की हे गॅलरीतून उठून आत येतात. मी डब्यातला लाडू लपवत नाही, तरी ते घेत नाहीत. पन्नाशीला आलेला माणूस मुलाच्या वयाच्या पोरांबरोबर पहाटे तळ्याभोवती चालतो, गुडघा दुखला तर पट्टी बांधून चालतो. हे कष्ट तुम्ही एकदा येऊन बघितले असतेत, तर तुमचा हात थरथरला असता.

सोमवारी काट्यावर उभे राहिले तेव्हा काटा दीड किलोनं वर होता. त्यातलं बरंचसं खाऱ्या चखण्यानं अंगात धरून ठेवलेलं पाणी असतं, चार दिवसांत उतरतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. “आपल्याच्यानं होणार नाही,” म्हणाले आणि चहात साखर घालून घेतली. भाऊजी, वजन वाढल्याचं मला एवढं वाईट वाटलं नाही. हे वाक्य ऐकून वाटलं. माणूस हरतो तो असा, आणि तुम्ही त्याला हरवलंत.

तुम्ही म्हणाल, वहिनी, घोट तर त्यानं घेतला, मी काय नरडं धरलं होतं? घेतला, त्यांनीच घेतला. त्याचा जाब मी घरात विचारलाय. पण ज्या टोळक्यात “नको” म्हणणाऱ्याला एकदा नाही, पाच वेळा विचारलं जातं, तिथं पाचव्यांदा विचारणारा मोकळा सुटत नाही. लग्नातल्या पंगतीत जिलबीचा आग्रह असायचा, तो गरिबीच्या काळातला होता. पाहुणा संकोचानं उपाशी उठू नये म्हणून. तो आग्रह तुम्ही उचलून व्हिस्कीला लावलात. तिथं कोण उपाशी उठणार होतं?

एक गोष्ट मात्र गांभीर्यानं सांगते, कारण तुमच्या बैठकीतल्या एकाला रोज लागते हे मला माहीत आहे. ज्याला रोज भरपूर प्यायची सवय आहे, त्यानं माझं पत्र वाचून उद्यापासून एकदम तोडू नये. हात कापणं, फिट येणं असं जिवावर बेततं. त्यानं आधी डॉक्टर गाठावा. आणि तुम्ही त्याला मापाच्या गप्पा सांगू नका. त्याचं दुखणं वेगळं आहे.

आता आषाढ तोंडावर आलाय. गल्लीची त्र्यंबोलीची जत्रा होईल, मग गटारी, आणि तुमचं बोलावणं येईल. श्रावण पाळायचा म्हणून आधी महिन्याभराची एका रात्रीत भरून घ्यायची, ही तुमची पद्धत. यकृत पंचांग बघत नाही. हे येतील, कारण तुमच्याशिवाय त्यांना करमत नाही, आणि मी त्यांना अडवणारही नाही. मित्र तुटावेत असं मला वाटत नाही. पण त्या दिवशी जेवण आठ वाजता पानावर येईल, बारा वाजता नाही. आम्ही बायका रस्सा तीनदा गरम करणार नाही. ह्यांचा ग्लास हे स्वतः भरतील. त्यांनी पालथा घातला, की तो पालथाच राहील. “बायकोला घाबरतोस” हे वाक्य पुन्हा निघालं, तर मी अंगणात येऊन तुमच्या शेजारी खुर्ची टाकून बसेन आणि हे पत्र मोठ्यानं वाचेन. आणि बैठकीशिवाय भेटायचं असेल तर आपल्या गावात जागांचा दुष्काळ नाही. रंकाळा आहे, खासबाग आहे, रात्री गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशीची धार काढून ताजं दूध मिळतं. त्यातही कॅलरी असतात, पण तिथं दुसऱ्या पेल्यासाठी कोणी कोणाचं पौरुष काढत नाही.

शेवटी तुमच्याबद्दल. भाकऱ्या थापताना तुमच्या घरच्यांनी मला सांगितलं की जिना चढताना तुम्हाला धाप लागते, उजव्या बरगडीखाली जड वाटतं, आणि तपासणीची ठरलेली वेळ तुम्ही चुकवलीत. हे लिहिण्याची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. हे सगळं ऐकून माझा राग निम्मा झाला, काळजी मात्र दुप्पट झाली. वेळ पुन्हा घेतली आहे, येत्या मंगळवारी सकाळी साडेआठ. हे तुम्हाला गाडीवरून न्यायला येतील. उपाशीपोटी जायचं आहे, तेव्हा सोमवारी रात्री बसायचं नाही.

तुमची,
वहिनी